आकडा शाबूत, काम बंद: डोक्याचा मार आणि प्लेटलेटचा प्रश्न

प्लेटलेट हा शब्द यवतमाळ जिल्ह्यात डेंग्यूनं घरोघरी पोचवला. पावसाळा सरत आला की दवाखान्यांच्या व्हरांड्यात लोक सकाळचा रिपोर्ट हातात धरून उभे असतात आणि एकमेकांना विचारतात, ‘आज किती आल्या?’ काल चाळीस हजार होत्या, आज साठ झाल्या, म्हणजे माणूस वाचला. हा हिशेब इतका अंगवळणी पडला आहे की मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस आणला, तरी नातेवाइकांचा प्रश्न तोच असतो. प्लेटलेट किती आहेत? रिपोर्टात दोन लाख वीस हजार दिसतात आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. पण मेंदूला मार लागलेल्या रुग्णात या आकड्यावर विसंबता येत नाही. प्लेटलेट पुरेशा असूनही त्या काम करेनाशा झालेल्या असू शकतात. मग बाहेरून पिशव्या चढवून ते काम परत सुरू होतं का, हा पुढचा प्रश्न. त्यावर गेली वीसेक वर्षं जगभर अभ्यास चालू आहे आणि हाती आलेली उत्तरं बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळी आहेत.

अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या मोठाल्या पेशी असतात. त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट. घनमिलिमीटरभर रक्तात दीड ते साडेचार लाख. प्रत्येकीचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. त्यांना केंद्रक नसतं, त्यामुळे एकदा बिघडलेली प्लेटलेट स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. फुटलेल्या रक्तवाहिनीच्या कडेला आधी त्या चिकटतात, मग एकमेकींना बोलावून घेतात आणि त्यांच्या ढिगावर फायब्रिनचं जाळं विणलं जातं. इटलीतल्या तुरीन शहरात जूलिओ बिझोझेरो यांनी १८८१-८२च्या सुमारास हे काम पहिल्यांदा नीट ओळखलं. १९१०मध्ये अमेरिकेतल्या विल्यम ड्यूक यांनी प्लेटलेट फार घसरलेल्या रुग्णांना दुसऱ्याचं रक्त दिलं आणि कानाच्या पाळीला टोचून रक्त थांबायला किती वेळ लागतो ते मोजलं. आकडा वर गेला आणि रक्त लवकर थांबलं. आकड्यावरचा आपला विश्वास तिथून चालत आला आहे. ज्या आजारात प्लेटलेट खरोखरच कमी पडलेल्या असतात, तिथे तो योग्यही आहे.

मेंदूचा मार हे प्रकरण निराळं आहे. गोठण्याची साखळी सुरू करणारा टिश्यू फॅक्टर नावाचा पदार्थ मेंदूत भरपूर असतो. एरवी तो रक्तापासून अलग राहतो. कवटीवर जोराचा आघात होऊन मेंदूचा पदार्थ चिरडला आणि बारीक वाहिन्या फाटल्या, की तो रक्तात मिसळतो. मेंदूच्या पेशींचे सूक्ष्म कणही त्याच वाटेनं रक्तात येतात. जिथे जखम नाही तिथेही प्लेटलेट चेतवल्या जातात, आपल्याजवळचा माल ओतून टाकतात आणि खऱ्या जखमेपाशी पोचतात तेव्हा रित्या असतात. संख्या तीच राहते, पण हाकेला ओ देणाऱ्या फार थोड्या उरतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७मध्ये आणि अमेरिकेतल्या गटांनी नंतर असे रुग्ण तपासले. त्यांतल्या अनेकांनी ॲस्पिरिनची गोळी कधी घेतलेली नव्हती. तरीही ॲराकिडॉनिक ॲसिड किंवा एडीपी घालून चेतवलं तर त्यांच्या प्लेटलेट नेहमीसारख्या जागच्या हलत नव्हत्या. ॲस्पिरिन न घेताच ॲस्पिरिन घेतल्यासारखी अवस्था!

डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात रक्त गोठण्यात काही ना काही बिघाड सापडतो, आणि ज्यांच्यात सापडतो त्यांच्या मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त असतं. दुसऱ्या सिटी स्कॅनची गरज इथेच कळते. पहिल्या स्कॅनमध्ये मेंदूत बोराएवढा रक्ताचा डाग दिसतो, रुग्ण बोलत असतो, नाव-गाव सांगत असतो. सहा-आठ तासांनी तोच डाग लिंबाएवढा होतो आणि रुग्ण हाकेला प्रतिसाद देईनासा होतो. मेंदूतल्या अशा जखमांपैकी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जखमा पहिल्या दिवसात वाढतात. वाढ सगळी प्लेटलेटमुळे होते असं नाही. फायब्रिनचा कच्चा माल असलेलं फायब्रिनोजेन संपणं, तयार झालेली गुठळी विरघळणं, अंग गार पडणं, रक्तदाब चढणं, असे अनेक वाटेकरी त्यात आहेत. प्लेटलेटचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मोजायचं म्हटलं तर अडचण आहे. नेहमीचं काउंटर संख्या सांगतं, काम सांगत नाही. रक्त गोठण्याचा पीटी-आयएनआर हा रिपोर्ट प्लेटलेट बाजूला काढलेल्या प्लाझ्मावर होतो, त्यामुळे त्यात हा दोष दिसूच शकत नाही. प्लेटलेटचं काम मोजणारी यंत्रं आहेत. थ्रोम्बोइलॅस्टोग्राफीचं ‘प्लेटलेट मॅपिंग’, व्हेरिफायनाऊ, मल्टिप्लेट ही त्यांतली काही. पण ती महाग, त्यांची किट महाग, आणि एका यंत्राचा निकाल दुसऱ्याशी जुळेल याची खात्री नाही. आपल्या भागात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या हाताला गोठण्याची एक तपासणी मात्र पक्की बसलेली आहे. घोणस चावल्याच्या संशयावर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग हळूच तिरपी करून पाहायचं. रक्त वाहिलं तर विष भिनलं, प्रतिविष सुरू. कापसाच्या शेतात सर्पदंश नेहमीचाच, त्यामुळे या नळीनं इथे कित्येक जीव वाचवले असतील. पण ती फायब्रिनोजेन संपलं आहे का, एवढंच सांगते. मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या प्लेटलेट निद्रिस्त असल्या तरी नळीतलं रक्त व्यवस्थित गोठतं. खाटेशेजारी करता येईल अशी आपल्या ओळखीची तपासणी इथे उपयोगी पडत नाही.

प्लेटलेट बिघडवणारं आणखी एक कारण खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटात असतं. ॲस्पिरिनचा रेणू प्लेटलेटमधल्या एका एन्झाइमला कायमचा चिकटतो आणि त्या प्लेटलेटला उरलेलं आयुष्य तसंच काढावं लागतं. ॲस्पिरिन या एन्झाइमचं काम अडवतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये उलगडलं आणि १९८२मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शरीर रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट तयार करतं, म्हणून गोळी बंद केल्यावर पाच-सात दिवस थांबावं लागतं. क्लोपिडोग्रेल वेगळ्या जागी, पण तसंच कायमचं काम करतं. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाला या दोन्ही गोळ्या सुरू असतात. सरकारी योजनेतून नागपुरात अँजिओप्लास्टी करून आलेला साठीचा शेतकरी आज आर्णीत किंवा घाटंजीत अपवाद राहिलेला नाही, आणि तो मोटारसायकलही चालवतो.

इथे एक घोळ वारंवार होतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन आणि नवी डॅबिगाट्रानसारखी औषधं, सगळ्यांना घरचे ‘रक्त पातळ करायची गोळी’च म्हणतात. वॉरफेरिनवर व्हिटॅमिन के आणि गोठण्याचे घटक असलेली इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा द्यायचा असतो. तिथे प्लेटलेट चढवण्याचा उपयोग नाही. नातेवाइकांनी गोळीचं रिकामं पाकीट आणलं तर रेफरच्या कागदापेक्षा ते जास्त कामाचं ठरतं.

गावपातळीवर दोन कारणं आणखी आहेत आणि त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पहिलं दुखण्याचं इंजेक्शन. अपघातानंतर पहिल्यांदा जो डॉक्टर गाठला जातो, तो खांदा आणि बरगडी दुखते म्हणून डायक्लोफेनॅक देऊन टाकतो. त्याचा प्लेटलेटवरचा परिणाम ॲस्पिरिनसारखा कायमचा नसतो, पण पहिल्या काही तासांत, म्हणजे मेंदूतला डाग वाढण्याच्याच वेळी तो असतो. डोकं दुखतं म्हणून घरात पाण्यात विरघळवून दिलेली डिस्प्रिन तर सरळ ॲस्पिरिनच आहे. डोक्याला मार असेल तर वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरे. दुसरं कारण दारू. वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ अशी होती आणि शेजारचा यवतमाळ खुला. रात्रीच्या अपघातांत दारूचा वाटा पोलिसांना ठाऊकच असतो. दारू प्लेटलेटची एकमेकींना चिकटण्याची शक्ती मंदावते, वर्षानुवर्षं पिणाऱ्यात यकृत आणि प्लीहा बिघडून संख्याही घटते, हे मात्र केसपेपरवर क्वचितच येतं. ‘पिलेला आहे, म्हणून गुंगीत आहे’ असं म्हणून रात्र काढली जाते आणि सकाळी स्कॅन होतो. माझ्या मते जिल्ह्यात टाळता येण्यासारखं सर्वांत मोठं नुकसान याच एका वाक्यानं होतं.

आता मुख्य प्रश्न. बिघडलेल्या प्लेटलेटच्या जोडीला दात्याच्या ताज्या प्लेटलेट दिल्या तर? तर्क इतका सरळ आहे की वर्षानुवर्षं कोणी तो तपासूनच पाहिला नाही. ॲस्पिरिन घेणारा रुग्ण, मेंदूत रक्त, चढवा प्लेटलेट. २०१६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘पॅच’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली आणि या तर्काला खीळ बसली. नेदरलँड्स, ब्रिटन आणि फ्रान्समधले १९० रुग्ण, सगळे ॲस्पिरिनसारखी औषधं घेणारे, आणि सगळ्यांच्या मेंदूत आपोआप, म्हणजे अपघाताशिवाय रक्तस्राव झालेला. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नाही. तीन महिन्यांनी पाहिलं तर प्लेटलेट मिळालेल्यांत मृत्यू किंवा परावलंबित्व येण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. गंभीर दुष्परिणाम ४२ टक्क्यांत दिसले, न मिळालेल्यांत २९ टक्क्यांत. कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. डागाभोवतीच्या मेंदूचा रक्तपुरवठा नव्या गुठळ्यांनी अडला असेल किंवा दाह वाढला असेल, असे अंदाज आहेत.

पण ‘पॅच’ जशीच्या तशी अपघाताच्या रुग्णावर लावणं बरोबर नाही. रक्तदाबानं आतली एखादी वाहिनी फुटणं वेगळं, आणि पुलाच्या कठड्यावर डोकं आपटून मेंदू ठिकठिकाणी चिरडणं वेगळं. त्या चाचणीत तातडीनं शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. उलट २०१३मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया होणाऱ्या आणि ॲस्पिरिनचा प्रभाव असलेल्या रुग्णांना आधी प्लेटलेट दिल्यावर पुन्हा रक्तस्राव होण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण कमी आढळलं. तेही आपोआप झालेले रक्तस्रावच होते. अपघाताच्या रुग्णांवर मात्र मोठी, चिठ्ठी टाकून गट पाडलेली चाचणी अजून झालेली नाही. जे अभ्यास आहेत ते जुने केसपेपर चाळून केलेले. त्यांची गोळाबेरीज केली तर प्लेटलेट दिल्यानं जीव वाचल्याचं दिसत नाही. या गोळाबेरजेतही मेख आहे: डॉक्टर प्लेटलेट देतो तो जास्त वाईट दिसणाऱ्या रुग्णाला. मग तो दगावला तर दोष प्लेटलेटचा की मुळातल्या दुखापतीचा, हे कागदावरून कळत नाही.

यंत्रावर मोजलं तर ॲस्पिरिनचा परिणाम प्लेटलेट दिल्यावर बराचसा पुसला जातो. ॲस्पिरिन रक्तातून लवकर नाहीसं होतं, त्यामुळे नव्या प्लेटलेट त्याच्या तावडीत सापडत नाहीत. क्लोपिडोग्रेलच्या बाबतीत यश कमी, आणि टिकाग्रेलॉर हे त्याच गटातलं औषध घेतलेल्या माणसात तर औषध रक्तात फिरतच असतं, तेव्हा चढवलेल्या प्लेटलेटही निकामी होतात. मारामुळे आलेल्या बिघाडात आणखी शंका आहे. ज्या रक्तात पहिल्या प्लेटलेट रित्या झाल्या, त्याच रक्तात नव्या सोडल्यावर त्यांचं वेगळं काय होणार? प्रयोगशाळेतले काही निकाल या शंकेला दुजोरा देतात.

सध्याच्या मार्गदर्शक सूचना त्यामुळेच हात राखून आहेत. अमेरिकेतल्या न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीनं २०१६मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल सुचवलं, की ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया होणार असेल तर प्लेटलेट द्याव्यात, होणार नसेल तर देऊ नयेत. संख्याच कमी असेल तर मामला वेगळा. युरोपीय सूचनांनुसार अपघातातल्या रक्तस्रावात आकडा पन्नास हजारांच्या वर, आणि मेंदूला मार असेल तर एक लाखाच्या वर ठेवायचा. पोटात किंवा मांडीत धो-धो रक्त वाहत असेल तर लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट बरोबरीनं द्यायच्या. या तीन जागा सोडून, म्हणजे आकडा चांगला, शस्त्रक्रिया नाही आणि बाकी शरीरातून रक्तस्राव नाही अशा रुग्णाला केवळ भीतीपोटी प्लेटलेट चढवण्याला आज आधार नाही. डेंग्यूतही हाच धडा मिळाला होता. सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ रुग्णांवरच्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आकडा वीस हजार किंवा त्याखाली असूनही रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवण्याचा फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. आपल्याकडे तो धडा पोचायला वेळ लागतो आहे.

पिशवीकडेही जवळून पाहायला हवं. एका दात्याच्या रक्तातून निघालेली प्लेटलेटची पिशवी म्हणजे फिकट पिवळा, पन्नास ते सत्तर मिलिलिटर द्रव. उजेडासमोर धरून हलकेच फिरवली तर आत रेशमासारखी चमक भोवऱ्यानं फिरताना दिसते. रक्तपेढीतला तंत्रज्ञ ही चमक पाहून पिशवी जिवंत आहे की गेली ते ओळखतो. अशी एक पिशवी आकडा पाच ते दहा हजारांनी वाढवते, म्हणून मोठ्या माणसाला एका वेळी चार ते सहा लागतात. एकाच दात्याकडून यंत्रानं काढलेली मोठी पिशवी, जिला एसडीपी म्हणतात, तीस हजारांच्या वर वाढवते, पण तिचा खर्च दहा हजार रुपयांच्या घरात जातो. ठेवायची २० ते २४ अंश तापमानात, सतत हलवत, आणि जेमतेम पाच दिवस. फ्रीजमध्ये न ठेवल्यामुळे रक्ताच्या सगळ्या घटकांत जंतू वाढण्याचा धोका हिलाच सर्वांत जास्त. मे महिन्यात रक्तदान शिबिरं थंडावतात, सप्टेंबरात डेंग्यूचे रुग्ण रांगेत उभे राहतात. अशा वेळी उपयोग होण्याची खात्री नसताना चढवलेल्या सहा पिशव्या म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या एखाद्या पोराच्या वाट्याच्या सहा पिशव्या असतात.

यात भर जिल्ह्याच्या भूगोलाची. सोळा तालुके, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो, तिथला जखमी नागपूरला निघतो नाही तर पैनगंगा ओलांडून आदिलाबादला. उमरखेड-महागावचा माणूस नांदेड जवळ करतो. वणी-मारेगावच्या कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावरचा जखमी चंद्रपूर किंवा नागपूर. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आलेला रुग्ण पुढे पाठवायचा झाला तर वाटेत सावंगी मेघे आणि सेवाग्रामची रुग्णालयं लागतात, नाही तर दीडशे किलोमीटरवरचं नागपूर. देशात २०२२मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांत जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. डोक्याच्या माराची ही मूळ बेरीज आहे आणि तिच्यावर कुठल्याही पिशवीचा उतारा नाही.

अशा अंतरावर ज्याला खरा पुरावा आहे ते औषध स्वस्त आहे आणि फ्रीजही मागत नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावामुळे आपल्या ग्रामीण रुग्णालयांच्या ओळखीचं. २०१९च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत २९ देशांतले १२,७३७ रुग्ण होते. आधी एक ग्रॅम दिलं आणि पुढचे आठ तास आणखी एक ग्रॅम सोडलं. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत उपचार मिळालेल्या सौम्य आणि मध्यम माराच्या रुग्णांत मेंदूच्या दुखापतीनं होणारे मृत्यू ७.५ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर आले. अतिगंभीर रुग्णांत फरक पडला नाही आणि एकूण निकाल काठावरचा होता, म्हणून काही तज्ज्ञ अजून नाक मुरडतात. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. उशीर होईल तसा फायदा आटतो, हे त्याच चाचणीनं दाखवलं. तेव्हा पांढरकवड्यात न देता नागपुरात पोचल्यावर देऊ, असं म्हणण्यात अर्थ नाही. २०१४पासून धावणाऱ्या १०८च्या गाडीत डॉक्टर असतो, सलाइन असतं. हे इंजेक्शन तिथेच द्यायला हवं.

डेस्मोप्रेसिन हे आणखी एक औषध प्लेटलेटना चिकटायला मदत करतं आणि ॲस्पिरिनच्या रुग्णात वापरून पाहिलं जातं. पण ते शरीरात पाणी धरून ठेवतं आणि सोडियम घसरवतं. सुजलेल्या मेंदूला ते परवडत नाही. जास्त आशा वाटते ती थंड ठेवलेल्या प्लेटलेटची. फ्रीजमध्ये ठेवल्या तर त्या शरीरात फार काळ टिकत नाहीत, म्हणून जगानं त्या कित्येक वर्षांपूर्वी सोडून दिल्या होत्या. मात्र वाहतं रक्त थांबवायला त्या ताबडतोब कामाला लागतात, आणि रक्तस्रावात हवं असतं तेच. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२३मध्ये त्या चौदा दिवस ठेवायला मुभा दिली. हलवत ठेवणारं यंत्र नको, साध्या रक्ताच्या फ्रीजमध्ये मावणार आणि दोन आठवडे टिकणार. पुसद किंवा वणीसारख्या ठिकाणी शस्त्रक्रियेआधी हाताशी काही असावं असं वाटत असेल, तर तपासून पाहण्यासारखी गोष्ट ही आहे. ते तपासायचं तर मार कधी लागला, शेवटची गोळी कोणती आणि किती वाजता घेतली, इंजेक्शन कोणतं दिलं आणि पहिला स्कॅन किती वाजता झाला, एवढ्या चार नोंदी जिल्ह्यातल्या प्रत्येक रेफरच्या कागदावर आधी असायला हव्यात. आजच्या बहुतेक कागदांवर ‘आरटीए, हेड इंज्युरी, रेफर टू नागपूर’ एवढंच असतं.